श्रद्धेचे सार आणि मतभेदाची मर्यादा

(प्रस्तावना)

ख्रिस्ती धर्माविषयी मराठीत गेल्या दोन शतकांत जे लेखन झाले त्याचा फार मोठा भाग वादातून जन्मला. मोरभट दांडेकर आणि डॉ. जॉन विल्सन यांच्यात एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात झालेले खंडनमंडन, १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबुवा ब्रह्मचारी यांनी मिशनऱ्यांशी केलेले जाहीर वाद, बाबा पदमनजींनी धर्मांतरानंतर लिहिलेली पुस्तके, आणि या सर्वांच्या मागेपुढे दोन्ही बाजूंनी छापली गेलेली लहानमोठी पत्रके, या साहित्याचा स्वभावच असा होता की त्यात प्रत्येक पक्षाला आपला धर्म एकसंध, निःसंदेह आणि सर्वांगपूर्ण म्हणून पुढे करावा लागे. आपल्याच धर्मात मुख्य काय आणि गौण काय, कोठे सर्वांचे एकमत आहे आणि कोठे सत्पुरुषांचेही मतभेद आहेत, हे भर सभेत कबूल करणे म्हणजे प्रतिपक्षाच्या हाती आयते शस्त्र देणे, अशीच त्या काळच्या वादपटूंची समजूत असावी. परिणाम असा झाला की मराठी वाचकाला ख्रिस्ती धर्माची ओळख झाली ती सीमेवरच्या पहारेकऱ्यांकडून. आतल्या वस्तीत लोक कसे राहतात, कोणत्या प्रश्नावर रात्री जागवतात आणि कोणत्या प्रश्नावर एकमेकांस सूट देतात, हे त्याला फारसे कळलेच नाही. पुढील प्रकरणांचा विषय त्या आतल्या वस्तीतील एक जुना, प्रतिष्ठित आणि बहुधा गैरसमजास पात्र झालेला रहिवासी आहे : धर्मसिद्धांतांच्या बाबतीत मध्यममार्गाने चालणारा ख्रिस्ती मनुष्य.

तो कोण, हे सांगण्यापूर्वी तो कोण नव्हे हे सांगितलेले बरे. अर्धे चमत्कार मानतो आणि अर्धे टाकतो, रविवारी उपासनेस जातो पण फार मनावर घेत नाही, कोणी दुखावू नये म्हणून कोणतेच मत ठामपणे मांडत नाही, असा जो गुळमुळीत मनुष्य प्रत्येक धर्मात आढळतो, त्याच्याशी आमच्या विषयाचा संबंध नाही. येशू ख्रिस्ताच्या ठायी देव मनुष्यांना भेटला, त्याचे वधस्तंभावरील मरण आणि त्याचे पुनरुत्थान यांत मानवजातीचे तारण आहे, आणि हे तारण कोणाच्या कर्तबगारीचे वेतन नसून देवाच्या कृपेचे दान आहे, एवढे मध्यममार्गी ख्रिस्ती मनुष्य पूर्ण निष्ठेने मानतो आणि त्यासाठी किंमत मोजावी लागली तर मोजतो. परंतु ही कृपा कोणत्या रीतीने कार्य करते, प्रभुभोजनाच्या भाकरीत आणि द्राक्षारसात ख्रिस्त कोणत्या प्रकारे उपस्थित असतो, मंडळीचा कारभार बिशपांनी पाहावा की वडिलांच्या सभेने, उत्पत्तीच्या पुस्तकातील सहा दिवस हे सूर्योदय-सूर्यास्ताचे दिवस आहेत की नाहीत, या प्रश्नांवर त्याचे स्वतःचे मत असले तरी त्या मतावर तो दुसऱ्याचे ख्रिस्तीपण तोलत नाही. त्याच्या एका बाजूस असा पंथ आहे की जो शास्त्रातील प्रत्येक वाक्य सारख्याच वजनाचे मानून आपल्या प्रत्येक वहिवाटीस ईश्वरी आज्ञेचा दर्जा देतो. दुसऱ्या बाजूस असा विचार आहे की जो विश्वासांगीकारातील प्रत्येक विधान केवळ काव्य समजून येशूला एक थोर नीतिशिक्षक एवढ्यावरच ठेवतो. मध्यममार्गी या दोहोंच्या मध्ये उभा दिसतो खरा, पण त्याची जागा दोन टोकांमधले अंतर मोजून ठरलेली नाही. सत्यांमध्येही एक श्रेणी असते, या विवेकातून ती ठरलेली आहे.

हा विवेक अर्वाचीन सुधारणेचे अपत्य आहे असे समजणे चुकीचे ठरेल. इ. स. ३२५ मध्ये नायसिया येथे भरलेल्या परिषदेने पुत्र हा पित्याशी एकतत्त्व आहे असा निर्णय दिला, आणि ४५१ मध्ये कॅल्सिडॉनच्या परिषदेने ख्रिस्ताच्या ठायी देवत्व आणि मनुष्यत्व ही दोन्ही पूर्णत्वाने आहेत असे ठरवले. परंतु ती दोन्ही एका व्यक्तीत कशी नांदतात याचे स्पष्टीकरण करण्याची पाळी आली तेव्हा त्या परिषदेने चार नकारांवरच आपले विधान थांबवले : ती मिसळलेली नाहीत, बदललेली नाहीत, विभागलेली नाहीत, विलग झालेली नाहीत. ज्यांना आपण कट्टर धर्मनिर्णयाचे अध्वर्यू म्हणून ओळखतो त्या धर्माचार्यांनी गूढाभोवती मर्यादा आखली आणि गूढ मात्र गूढच राहू दिले, ही गोष्ट मनन करण्यासारखी आहे. सनातन सिद्धांताच्या गाभ्यातच असा संयम आहे, आणि मध्यममार्गी ख्रिस्ती मनुष्य आपला वारसा तेथूनच सांगतो.

तथापि या वृत्तीला सुसंगत तत्त्वज्ञानाचे रूप मिळाले ते सोळाव्या शतकातील इंग्लंडात, आणि ते ज्या परिस्थितीत मिळाले ती परिस्थिती लक्षात घेतल्यावाचून त्याचे गुणदोष कळत नाहीत. १५३४ मध्ये आठव्या हेन्रीने रोमशी संबंध तोडला, सहाव्या एडवर्डच्या अमदानीत प्रॉटेस्टंट उपासनाविधी लागू झाला, १५५३ नंतर मेरी राणीने पुन्हा रोमची सत्ता आणून तीनशेच्या आसपास प्रॉटेस्टंटांना जाळून मारले, आणि १५५८ मध्ये एलिझाबेथ गादीवर येताच पुन्हा सर्व फिरले. एकाच खेडेगावातील एकाच वृद्ध पाळकाला आपल्या हयातीत चार वेळा वेदीची मांडणी बदलावी लागली असेल, असा तो काळ. १५५९ च्या कायद्यांनी जी व्यवस्था बसवली तिच्यात प्राचीन विश्वासांगीकार, बिशप आणि ठरावीक प्रार्थनापुस्तक कायम राहिले, परंतु पोपची हुकूमत गेली आणि उपासना लोकांच्या भाषेत आली. ही व्यवस्था रोमला पाखंड वाटली, तर जिनीव्हाहून शिकून आलेल्या प्युरिटन सुधारकांना ती अर्धवट वाटली. शास्त्रात ज्याची आज्ञा नाही असे झगे, विधी आणि बिशपपदे मंडळीत ठेवणे हाच अधर्म, असे १५७२ मध्ये त्यांनी पार्लमेंटला उद्देशून लिहिलेल्या जाहीरनाम्यात बजावले.

या वादात रिचर्ड हूकर उतरले. १५५४ च्या सुमारास एक्सेटरजवळ जन्मलेला, ऑक्सफर्डमध्ये शिकलेला हा भिडस्त विद्वान १५८५ मध्ये लंडनच्या वकिलांच्या टेंपल चर्चचा प्रमुख नेमला गेला. तेथे सकाळचे प्रवचन हूकर यांचे आणि दुपारचे वॉल्टर ट्रॅव्हर्स या प्युरिटन पंडिताचे. सकाळी जे प्रतिपादिले जाई त्याचे दुपारी खंडन होई, आणि लंडनचे नामांकित कायदेपंडित दोन्ही ऐकत. तंटा विकोपास गेला तो एका करुणेच्या वाक्यावरून. रोमच्या शिकवणुकीत चुका आहेत हे मान्य करूनही, त्या शिकवणुकीखाली अजाणता जगले आणि मेले त्या आपल्या पूर्वजांपैकी हजारोंवर देवाने दया केली असेल याविषयी मला संशय नाही, अशा आशयाचे प्रतिपादन हूकर यांनी केले. ट्रॅव्हर्स यांना हे असह्य झाले. १५८६ मध्ये आर्चबिशप व्हिटगिफ्ट यांनी ट्रॅव्हर्स यांना प्रवचनाची मनाई केली, ट्रॅव्हर्स यांनी प्रिव्ही कौन्सिलकडे अर्ज गुदरला, हूकर यांना त्याचे उत्तर द्यावे लागले, आणि त्या प्रकरणातून बाहेर पडल्यावर त्यांनी हा प्रश्न मुळापासून विचारात घेण्यासाठी शांत खेड्यातील धर्मसेवा पत्करली.

त्या विचाराचे फळ म्हणजे चर्चच्या शासनाच्या नियमांविषयीचा त्यांचा अष्टखंडात्मक ग्रंथ. त्याचे पहिले चार खंड १५९३ मध्ये आणि पाचवा १५९७ मध्ये निघाला. १६०० मध्ये हूकर वारले आणि उरलेले खंड त्यांच्या पश्चात, पुढील शतकात प्रसिद्ध झाले. ग्रंथाच्या आरंभीच, ज्या जिनीव्हाच्या कॅल्व्हिन यांची शासनपद्धती त्यांना खोडून काढायची होती त्यांच्या विद्वत्तेचा त्यांनी मुक्त गौरव केला आहे. त्यांचे मुख्य प्रतिपादन असे की देवाचा नियम केवळ पवित्र शास्त्राच्या पानांत बंदिस्त नाही. सृष्टीची रचना, मानवी बुद्धी, समाजाचे कायदे यांतूनही तोच नियम आपापल्या परीने प्रकट होतो. शास्त्र तारणास आवश्यक ते सर्व देते. परंतु प्रत्येक झग्याचा, प्रत्येक पदाचा आणि प्रत्येक विधीचा निवाडा शास्त्राकडून मागणे म्हणजे शास्त्राने जे वचन दिलेले नाही ते त्याच्यावर लादणे होय. जेथे शास्त्र स्पष्ट आहे तेथे त्याचेच प्रमाण, जेथे ते मौन आहे तेथे बुद्धीचा आणि मंडळीच्या दीर्घ अनुभवाचा कौल, हा क्रम त्यांनी घालून दिला. प्रभुभोजनाच्या वादात तर त्यांनी अधिक खोल पाऊल टाकले : ख्रिस्ताशी खरे सहभागित्व घडते हे सर्वच पक्ष मानतात, मग ते कोणत्या रीतीने घडते यावर एकमेकांचे रक्त काढण्यापेक्षा जे लाभते त्याचा मौनाने आणि कृतज्ञतेने स्वीकार का करू नये, असा त्यांचा सवाल होता. युरोपात याच प्रश्नावरून माणसे जाळली जात असताना हा सवाल केला गेला, हे विसरता कामा नये.

पण येथेच या परंपरेची एक गंभीर उणीव स्पष्टपणे नोंदवणे आवश्यक आहे. हूकर यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला त्याच १५९३ च्या एप्रिल-मे महिन्यांत हेन्री बॅरो, जॉन ग्रीनवुड आणि जॉन पेन्री या स्वतंत्र मंडळ्यांच्या पुरस्कर्त्यांना फाशी देण्यात आले. रविवारी चर्चला न जाणाऱ्यास १५५९ च्या कायद्याने बारा पेन्स दंड होता, तो १५८१ मध्ये दरमहा वीस पौंडांवर नेण्यात आला. कॅथलिक धर्मगुरूंना पकडून ठार केले जात होते. याच इंग्लंडात, हूकर यांच्या जन्माच्या काही वर्षे आधी, थॉमस स्टीफन्स या नावाचा एक मुलगा जन्मला होता. त्याचा जिवलग मित्र कॅथलिक श्रद्धेपायी दीर्घ काळ तुरुंगात खितपत पडला, आणि तो स्वतः मायदेश सोडून जेझुइट झाला व १५७९ मध्ये गोव्यास उतरला. त्याच फादर स्टीफन्स यांनी पुढे मराठी ओवीत ‘ख्रिस्तपुराण’ रचले आणि ते १६१६ मध्ये रायतूर येथे छापून निघाले. मराठी भाषेला तिच्या आद्य ख्रिस्ती महाकवीचा लाभ झाला त्यामागे इंग्लंडच्या त्या मध्यममार्गी व्यवस्थेची सक्तीही एक कारण होती, ही गोष्ट अभिमानाइतकीच अंतर्मुख करणारी आहे. गौण गोष्टींत सूट द्यावी असे म्हणणारी व्यवस्था त्या गौण गोष्टी दंड आणि फाशीच्या जोरावर चालवू लागली की तिच्या संयमाला संयम म्हणण्याचा अधिकार राहत नाही. म्हणून आमचे प्रतिपादन असे आहे की मध्यममार्गी श्रद्धेची खरी कसोटी, तिच्या हाती सत्ता नसताना आणि तिची किंमत तिला स्वतःलाच चुकवावी लागत असताना ती कशी वागते, येथे लागते.

एकोणिसाव्या शतकात या वृत्तीपुढे निराळा पेच उभा राहिला. भूगर्भशास्त्र, १८५९ मधील डार्विन यांचा ग्रंथ, आणि बायबलच्या पुस्तकांच्या रचनाकालाविषयी जर्मन पंडितांनी चालवलेले चिकित्सक संशोधन, यांमुळे शास्त्राचा प्रत्येक शब्द अक्षरशः खरा मानणारा पक्ष आणि शास्त्रच निकालात काढणारा पक्ष, असे दोन तट पडू लागले. १८८९ मध्ये चार्ल्स गोर यांच्या संपादकत्वाखाली निघालेल्या ‘लुक्स मुंडी’ या निबंधसंग्रहाने तिसरी वाट धरली. देवाने मनुष्यरूप घेतले यावरची पूर्ण निष्ठा कायम ठेवून, जुन्या करारातील कथांचे वाङ्मयीन स्वरूप आणि मानवी लेखकांच्या मर्यादा तपासण्यास त्यांनी मोकळीक दिली. देव जर खरोखर मनुष्यदेहात उतरला असेल तर तो मनुष्यांच्या भाषेतून आणि इतिहासातून बोलतो याचे नवल वाटण्याचे कारण नाही, अशी त्यामागची भूमिका होती. श्रद्धा दृढ होती म्हणूनच चिकित्सेचे भय नव्हते, हा या प्रकरणाचा बोध आहे.

आता महाराष्ट्राकडे वळू. येथे ख्रिस्ती समाजाच्या हाती दंडशक्ती नव्हती. धर्मांतर करणाऱ्याला उलट घरदार, जातगोत आणि हक्कवारसा गमवावा लागे. अशा भूमीत मतस्वातंत्र्य आणि निष्ठा यांचा मेळ कसा घातला गेला याची पहिली साक्ष पंडिता रमाबाईंची. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी इंग्लंडातील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला, आणि पुढील दोन-तीन वर्षांत त्यांना आश्रय देणाऱ्या भगिनीसंघाशीच त्यांचा पत्रव्यवहार विवादाचा झाला. त्र्यैक्याच्या पारिभाषिक सूत्रांना त्यांनी शास्त्राधार विचारला. मंडळीने ठरवले आहे एवढ्यावरून मान तुकवण्यास त्यांनी नकार दिला, आणि स्वदेशातील पुरोहितांचे जोखड नुकतेच मोठ्या कष्टाने उतरवले असता दुसऱ्या पुरोहितवर्गाचे जोखड मी मानेवर घेणार नाही, असे निक्षून कळवले. परक्या देशात, ज्यांच्या अन्नावर आपण आणि आपली लहान मुलगी अवलंबून आहोत त्यांनाच असे लिहिण्यास किती धैर्य लागते याची कल्पना करावी. चेल्टनहॅमच्या विद्यालयाच्या प्रमुख डॉरोथिया बील यांनी त्यांच्या शंकांना धाकाने न दडपता धिमेपणाने उत्तरे दिली, हेही तितकेच मोलाचे. रमाबाईंची श्रद्धा पुढे अधिक उत्कट झाली आणि केडगावच्या मुक्ती सदनात १९०५ मध्ये जे आध्यात्मिक जागरण झाले ते कोणत्याही अर्थाने सौम्य नव्हते. त्यामुळे त्यांना मध्यममार्गी हे बिरुद चिकटवणे अन्यायाचे होईल. परंतु ख्रिस्तावर निष्ठा ठेवणे आणि एखाद्या पंथाच्या सर्व सूत्रांवर सही करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे त्यांनी स्वतःच्या जीवावर सिद्ध केले, आणि हा मध्यममार्गाचा पाया आहे.

दुसरी साक्ष रेव्हरंड नारायण वामन टिळकांची. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि अहमदनगर येथे अमेरिकन मराठी मिशनच्या कार्यात आयुष्याची उमेदीची वर्षे घालवली. ख्रिस्ताविषयीच्या त्यांच्या भक्तीबद्दल शत्रूलाही शंका घेता आली नसती. तरी आपण तुकोबांच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आलो असे ते मोकळेपणाने सांगत, आणि अभंग, भजन व कीर्तन यांना उपासनेत त्यांनी मानाचे स्थान दिले. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापला आणि बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना त्यात जागा ठेवली. या पावलाबद्दल मतभेद झाले आणि आजही होऊ शकतात. दोन वर्षांतच टिळक वारल्यामुळे प्रयोग अपुरा राहिला. पण त्यांनी काय अढळ ठेवले आणि काय सोडले हे पाहिले म्हणजे त्यांचा विवेक स्पष्ट होतो. ख्रिस्त अढळ होता. पाश्चात्त्य वहिवाट, मिशनचा पगार आणि सभासदांची नोंदवही या गोष्टी त्यांच्या दृष्टीने सुटण्यासारख्या होत्या. आज मराठी मंडळ्यांत ‘उपासना संगीत’ उघडून कॉंग्रिगेशनल आणि मेथडिस्ट, आँग्लिकन आणि प्रेस्बिटेरियन या परंपरांतील माणसे टिळकांचीच पदे गातात, यावरून त्या निवडीचे मोल कळते.

तिसरी साक्ष एका व्यक्तीची नसून संस्थेची आहे. १९२९ मध्ये लखनौस सुरू झालेल्या वाटाघाटींचा शेवट २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे झाला आणि सहा वेगवेगळ्या परंपरांच्या मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया अस्तित्वात आले. चार दशके चाललेल्या या चर्चेचे मसुदे वाचताना लक्षात येते की सर्वांत कठीण प्रश्न बाप्तिस्म्याचा होता. तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा द्यावा असे आँग्लिकन मानत; मनुष्याने कळत्या वयात स्वतः विश्वास कबूल केल्यावरच तो द्यावा, असे बाप्टिस्टांचे मत, आणि या मतासाठी त्यांच्या पूर्वजांनी युरोपात छळ सोसला होता. नव्या चर्चने दोन्ही पद्धती मान्य केल्या. त्याचप्रमाणे बिशपांचे पद, वडिलांच्या सभांचा अधिकार आणि स्थानिक मंडळीचे स्वातंत्र्य, या तिन्ही व्यवस्थांना त्याच्या घटनेत स्थान मिळाले. कोणी आपला विश्वास टाकला नाही. आपल्या विश्वासाची कोणती बाजू दुसऱ्याच्या तारणाची अट होऊ शकत नाही, एवढेच प्रत्येकाने कबूल केले. हे ऐक्य निर्वेध राहिले असे म्हणता येत नाही : एक मोठी मेथडिस्ट मंडळी ऐन वेळी बाहेर राहिली, आणि गुजरातेतील ब्रदरन मंडळीच्या मालमत्तेचा दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. समेट कागदावर उतरला म्हणजे तो मनात उतरतोच असे नाही, हा धडाही या इतिहासात आहे आणि तो पुढे सविस्तर मांडला आहे.

या मार्गावर येणारे आक्षेप दोन आहेत आणि दोन्ही गंभीर आहेत. पहिला आक्षेप शास्त्रातूनच येतो : प्रकटीकरणाच्या पुस्तकात लावदिकीया येथील कोमट मंडळीचा जो धिक्कार आहे तो मध्यममार्गीयांना लागू पडतो, असे अनेक उत्साही उपदेशक सांगतात. परंतु त्या मंडळीचा दोष तेथेच सांगितला आहे; आपण श्रीमंत आहोत, आपल्याला कशाचीच उणीव नाही, असे ती समजत होती. आत्मसंतोषाचा हा रोग कट्टरांना जडतो तसाच संयमी माणसांनाही जडतो, आणि मध्यममार्गीयाने त्यापासून स्वतःला अधिकच जपले पाहिजे, एवढा बोध त्यातून घ्यावा. दुसरा आक्षेप असा की एकदा गौण-मुख्य असा भेद करू लागले की आज जे मुख्य आहे तेही उद्या गौण ठरेल आणि शेवटी काहीच उरणार नाही. हे भय निराधार नाही. असे घडल्याची उदाहरणे आहेत. यावर उपाय मात्र भेद न करणे हा होऊ शकत नाही, कारण भेद न करणारा मनुष्यही प्रत्यक्षात भेद करतोच. लेवीयाच्या पुस्तकातील वस्त्रांचे नियम कोण पाळतो? उपाय हा की सार कोणते ते स्पष्ट शब्दांत सांगावे, वर्षानुवर्षे त्याच्याशी प्रार्थनेने आणि सेवेने जोडलेले राहावे, आणि त्याची परीक्षा आपल्या एकट्याच्या पसंतीवर न सोपवता शास्त्र, परंपरा आणि बुद्धी या तिघांच्या एकत्रित साक्षीवर सोपवावी.

या पुस्तकाने वाचकाकडून एकच अपेक्षा ठेवली आहे. ख्रिस्ती वाचकाने आपल्या श्रद्धेतील ज्या गोष्टींसाठी आपण प्राणही देऊ अशा गोष्टींची यादी मनाशी करावी, आणि मग ज्या गोष्टींसाठी आपण दुसऱ्याशी बोलणे टाकले, दुसऱ्याच्या मंडळीत जेवण नाकारले किंवा दुसऱ्याच्या मुलीशी होणारे लग्न मोडले त्या गोष्टी त्या यादीत आहेत की नाहीत हे प्रामाणिकपणे तपासावे. अन्य धर्मीय वाचकाने ही तपासणी आपापल्या परंपरेत करून पाहावी; सार आणि वहिवाट यांची गल्लत हा कोणा एका धर्माचा मक्ता नाही. मतभेद राहतील, राहावेतही; परंतु कोणत्या मतभेदाने माणसाला परके करायचे आणि कोणत्या मतभेदासह त्याच्या शेजारी गुडघे टेकायचे, याचा निर्णय प्रत्येक पिढीला नव्याने करावा लागतो. आमच्या पिढीने तो अधिक ज्ञानाने आणि अधिक औदार्याने करावा, याच हेतूने हा ग्रंथ वाचकांच्या स्वाधीन करीत आहोत.